स्वाक्षरी आणि कागद : बुलढाणा जिल्ह्यातील खासगी संग्रहांचा इतिहासदृष्ट्या विचार

थोरामोठ्यांच्या स्वाक्षऱ्या, जुनी पत्रे, हस्तपत्रके, निमंत्रणपत्रिका, तिकिटे आणि मुद्रांक जन्मभर जमवीत राहणारी माणसे प्रत्येक जिल्ह्यात आढळतात. इतिहासाचा अभ्यासक त्यांच्याकडे बहुधा कौतुकाने पाहतो, क्वचित उपेक्षेने पाहतो. परंतु त्यांनी जमविलेल्या कागदांचा साधन म्हणून विचार करण्याचे त्याच्या मनात सहसा येत नाही. असा संग्रह इतिहासाचे साधन केव्हा होतो आणि केव्हा केवळ कुतूहलाची वस्तू होऊन राहतो, या प्रश्नाचा विचार बुलढाणा जिल्ह्यापुरता करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वाक्षरी जमविण्याची चाल मूळची युरोपातील. सोळाव्या शतकाच्या मध्यास जर्मन विद्यापीठांतील विद्यार्थी एक लहानशी वही जवळ बाळगीत आणि गुरुजनांकडून व मित्रांकडून तीत चार ओळी व नाव लिहवून घेत. एकोणिसाव्या शतकात या चालीचे रीतसर छंदात रूपांतर झाले आणि त्याबरोबर एक अनिष्ट प्रकारही आला : पत्राचा मजकूर टाकून द्यावयाचा आणि खालची सही तेवढी कातरून वहीत चिकटवावयाची. आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर ही वही आली व राष्ट्रीय चळवळीच्या काळात ती घरोघर पोहोचली. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू झाला, त्या दौऱ्यात ते स्वाक्षरीबद्दल पाच रुपये हरिजन निधीसाठी घेत. अशी एखादी स्वाक्षरी हाती आली, तर ती केवळ एका महापुरुषाच्या हातचे अक्षर नसते. त्या घराने त्या कार्याला दिलेल्या वर्गणीची ती एका परीने पावतीच असते. मात्र हा अर्थ ती कोठे, केव्हा व कोणी घेतली हे ठाऊक असेल तरच निघतो.

आपल्या जुन्या कागदांच्या बाबतीत तर स्वाक्षरीची कल्पनाच निराळी आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मराठेशाहीतील राजपत्रांच्या खाली आजच्या अर्थाने सही नसते. माथ्यावर मुख्य मुद्रा आणि अखेरीस मर्यादेची मुद्रा, यांवरून पत्राचा खरेपणा ठरतो. पेशवेकालीन पत्रांत सारा मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटचे चार शब्द तेवढे धन्याच्या हातचे, असा प्रकार पुष्कळदा आढळतो. गावच्या महजरावर तर अक्षरशून्य माणसाचीही साक्ष पडे. त्याच्या नावापुढे त्याच्या धंद्याची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी ही त्यांची स्वाक्षरीच होय. थोरांच्या सह्या शोधणाऱ्या संग्राहकाच्या नजरेतून हा नांगर आणि हा आरसा नेमका सुटतो. आणि गावगाड्यातील सामान्य माणसाचा इतिहासात उरलेला कदाचित एकुलता एक स्वहस्तचिन्हित पुरावा तोच असतो.

याहून मोठी अडचण कालनिर्णयाची आहे. मोडी पत्रांत चांद्रमासाची तारीख असते, पण वर्ष अनेकदा नसते. ते ठरवावयाचे ते त्याच रुमालात वरखाली बांधलेल्या इतर पत्रांवरून. डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेड येथे मराठ्यांचा निजामाशी संग्राम झाला. त्या मुक्कामावरून लिहिलेले एखादे पत्र आपल्या रुमालात राहिले असेल, तर शेजारच्या पत्रांच्या आधाराने त्याचा दिवससुद्धा निश्चित करता येईल. तेच पत्र रुमालातून सुटून एखाद्या छांदिष्टाच्या चौकटीत गेले, तर त्यावरील ‘मुक्काम सिंदखेड’ एवढ्याने काहीच सिद्ध होणार नाही. आणि कोणी त्याच्या अखेरचे स्वहस्ताक्षर कातरून घेतले, तर तारखेचाही भाग बहुधा त्याबरोबर जाईल. म्हणजे जी वस्तू जपण्याच्या इच्छेने हे केले, ती या कृतीनेच मुकी होते.

बुलढाणा जिल्ह्यात या विवेचनाला विशेष महत्त्व आहे. याचे कारण या भूभागाच्या राजकीय इतिहासात सापडते. सिंदखेडकर जाधवांचे घराणे, साखरखेर्डा येथील १७२४ ची निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई, १७६१ मध्ये रघुनाथरावाच्या सैन्याने मलकापूरकडून घेतलेली साठ हजारांची रक्कम, या घटनांवरूनच हा मुलूख कोणाकोणाच्या वाटेवर होता हे स्पष्ट होते. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. १८६४ मध्ये नैर्ऋत्य वऱ्हाडचा जिल्हा निर्माण झाला, पुढे तो मेहकरच्या नावाने ओळखला गेला आणि १८६७ मध्ये ठाणे बुलढाण्यास आल्यावर त्याला आजचे नाव मिळाले. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ मध्ये त्याला जोडण्यात आले. दरम्यान १९०२ च्या करारानंतर वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताशी जोडला गेला. १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. याचा परिणाम असा की, या एका जिल्ह्याचे सरकारी कागद हैदराबाद, नागपूर, पुणे व मुंबई अशा ठिकाणी विखुरले आणि ते फारशी, मोडी, इंग्रजी व बाळबोध अशा निरनिराळ्या वेषांत आहेत. गावाच्या पातळीवर त्यांना जोडणारा दुवा घराघरांतील कागदांतच शोधावा लागतो.

हे घरगुती कागद तरी टिकले कशामुळे? इतिहासप्रेमाने नव्हे, हक्काचा पुरावा म्हणून. वतन चालू असेपर्यंत सनद पेटीत जपली जाते, वतन गेले की तिला रद्दीची कळा येते. देऊळगाव राजाच्या जाधव घराण्याचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. १८५१ मध्ये बाजीराव जाधवाच्या पदरच्या अरबांनी निजामाच्या फौजेशी लढाई केली. त्यापायी घराण्याचे वंशपरंपरागत हक्क जप्त झाले आणि बाजीराव १८५६ मध्ये राजबंदी म्हणून मरण पावला. अशा जप्तीबरोबर कागदांचे व्यावहारिक मोल एका दिवसात नाहीसे होते. १९५० नंतर जमीनदारीचे व वतनांचे उरलेसुरले हक्क कायद्याने संपले, तेव्हा तीच गोष्ट गावोगाव घडण्याजोगी परिस्थिती आली. शाळांतून मोडी गेल्यामुळे वारसांना आपल्याच घरचा कागद वाचता येईनासा झाला. हक्क गेला आणि लिपीही गेली, अशा वेळी कागद वाचविणारा एकच माणूस उरतो व तो म्हणजे छंदिष्ट संग्राहक. त्याची उपेक्षा करणे अभ्यासकांस परवडणारे नाही.

हा छंद शास्त्राच्या पदवीला नेणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तो गावोगाव हिंडून दप्तरे मिळवूनच. द. ब. पारसनीस यांना पत्रांइतकाच चित्रांचा व सुंदर वस्तूंचा सोस होता; त्यांचा संग्रह साताऱ्याच्या वस्तुसंग्रहालयात गेला आणि १९३९ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात आला. वऱ्हाडात यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमात महानुभावांच्या पोथ्या जमविल्या. लीळाचरित्रात लोणार व मेहकर यांचे उल्लेख येत असल्यामुळे बुलढाण्याच्या अभ्यासकालाही त्या पोथ्यांशी कर्तव्य आहे. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांच्या रोजनिश्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत. आणि खुद्द बुलढाण्याहून १९२४ मध्ये या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ प्रसिद्ध झाला; जिल्ह्याच्या गावी राहून प्रांताचा इतिहास लिहिता येतो, याचे ते प्रत्यंतर होय. या सर्वांत समान गोष्ट ही की, कागद आपल्यापाशी असण्यात त्यांनी कृतार्थता मानली नाही; तो वाचून, लावून व इतरांस उपलब्ध करून देण्यात मानली.

संग्राह्य कागद म्हणजे केवळ मराठेशाहीचा कागद, असाही समज नसावा. खामगावला १८७० मध्ये लोहमार्ग पोहोचला व तेथील कापसाचा बाजार जगाच्या बाजाराशी जोडला गेला. त्या व्यापारातील पावत्या, हुंड्या, अडत्यांची पत्रे व जिनांची छापील पत्रके यांवाचून जिल्ह्याचा आर्थिक इतिहास लिहिता येणार नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण घ्यावे. सिंदखेडराजा येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या या कवीने आयुष्य मेहकरला वकिली करीत घालविले. त्यांचे गीत गो. ना. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर गेले, पण ‘शीळ’ हा संग्रह १९५४ मध्ये निघाला. गीत प्रथम ऐकले गेले आणि पुस्तकात मागाहून आले, अशा कवीच्या बाबतीत हस्तलिखित, ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन, दिनांकासह भेट दिलेली प्रत यांचे मोल केवळ स्वाक्षरीपुरते नसून पाठनिर्णयाचे आहे.

येथे एक विपरीत वाटणारी गोष्ट सांगितली पाहिजे. जुना कागद नव्यापेक्षा अधिक टिकाऊ असतो. दौलताबादी व जुन्नरी कागद हाताने केलेला, चिंध्यांच्या लगद्याचा. त्यावरील काजळीची शाई दोन-अडीच शतकांनंतरही काळीभोर दिसते. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेला लाकडाच्या लगद्याचा कागद अंगच्या आम्लामुळे पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणजे १७५७ चे पत्र कदाचित आपल्या नातवंडांनाही वाचावयास मिळेल, पण १९३३ च्या सभेचे हस्तपत्रक मिळेलच असे नाही. त्याची प्रतिमा आजच घेऊन ठेवणे अगत्याचे आहे. प्रतिमा घेताना कागदाची मागची बाजू, समास व घडीच्या खुणाही सोडू नयेत.

पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचा आणि पंचाहत्तर वर्षांहून कमी वयाचा नसलेला दस्तऐवज पुराणवस्तूच्या व्याख्येत येतो व खासगी व्यक्तीस तो देशाबाहेर पाठविता येत नाही. परंतु कायदा कागदास देशात ठेवू शकतो, रुमालात ठेवू शकत नाही. ते काम संग्राहकाने आणि त्याच्याकडे जाणाऱ्या अभ्यासकानेच करावयाचे आहे.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सुचवावेसे वाटते ते इतकेच. प्रबंधासाठी आपल्या तालुक्यात हिंडताना एखादा तरी खासगी संग्रह गाठावा. त्यातील प्रत्येक कागदापुढे चार गोष्टी लिहून घ्याव्यात : तो कोणत्या घरून आला, केव्हा आला, कोणत्या कागदांबरोबर आला आणि देणाऱ्याने त्याविषयी काय सांगितले. कागद मागू नये, संग्राहकाची स्मृती मागावी. कारण कागद त्याच्यामागे राहतो, स्मृती राहत नाही. संग्राहकाच्या निधनानंतर वह्या विकल्या जातात, गठ्ठे फुटतात आणि कालपर्यंत ज्याचे मूळ एका माणसास ठाऊक होते, तो कागद अनाथ होतो. ही चार ओळींची टिपणे वेळीच झाली, तर एका माणसाचा जन्मभराचा छंद जिल्ह्याच्या इतिहासाचा पाया ठरेल. न झाली, तर राहतील त्या केवळ सह्या.