विहिरी, म्युनिसिपालिटी आणि मुंबईचा हिवताप

हिवताप म्हटला की गटारे, उकिरडे आणि दलदल डोळ्यांपुढे उभी राहतात. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. तेव्हा घाण हटली की ताप हटला, अशी समजूत होणे साहजिक होते. मुंबई शहराने ही समजूत खोटी ठरविली. तेथे अपराधी निघाले ते स्वच्छ पाणी, आणि तेही घरच्या विहिरीतले!

1897 च्या ऑगस्टात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलीस जातीच्या डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. परंतु एवढ्याने कोणत्याही गावाचा प्रश्न सुटत नाही. आपल्या गावात ताप नेणारा डास कोणता आणि तो अंडी घालतो कोठे, हे ज्याचे त्याने शोधावे लागते. मुंबईपुरते हे काम डॉ. बेंटले यांनी केले व 1911 साली आपला अहवाल दिला. शहरातला मुख्य वाहक ॲनॉफिलीस स्टीफेन्साय. गटाराच्या पाण्याची त्याला आवड नाही. त्याला विहीर, हौद, टाकी, कारंजे असे निवळ आणि संथ पाणी हवे असते. (गटारातला क्यूलेक्स हत्तीरोग पसरवितो, म्हणून गटारे उघडी ठेवावीत असे मात्र कोणी समजू नये.)

विहारचे पाणी मुंबईस 1860 साली आले, तानसाचे 1892 साली. नळ आले तरी विहिरी राहिल्याच. त्या बुजवा, नाही तर घट्ट झाकून टाका, असा म्युनिसिपालिटीचा आग्रह सुरू झाला आणि शहरात खळबळ उडाली. विहीर म्हणजे नुसता पाण्याचा खड्डा नव्हे. कोणाच्या विहिरीवर दिवा लागे, कोणाच्या विहिरीत वास्तुपुरुष नांदे. पारशी धर्मात तर पाणी पूज्यच. पुढे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झालेले रुस्तम मसानी यांनी 1918 साली विहिरींच्या लोककथांवर एक पुस्तकच लिहिले, ते या वादाच्या पार्श्वभूमीवर. विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणून हसणे आम्हांस पसंत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्याला हात जोडले, त्यावर साहेबाच्या हुकुमाने दगडी झाकण घालणे सोपे नसते. तडजोड म्हणून बारीक जाळीच्या झाकणाचा मार्ग निघाला. पण जाळी गंजते, फाटते, आणि डासिणीला बोटभर फट पुरते.

म्हणून खरा भार पडला तो तपासनिसावर. अंड्यापासून उडता डास होण्यास आपल्याकडील उन्हाळ्यापावसाळ्यात आठदहा दिवस लागतात. तेव्हा फेरी आठवड्याला झालीच पाहिजे. पळीने पाणी उचलून पांढऱ्या ताटलीत पाहावयाचे. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असेल तर ती ॲनॉफिलीसची. डोके खाली करून तिरकी लोंबकळत असेल तर क्यूलेक्सची किंवा एडिसची. याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. चांगली नजर आणि दर आठवड्यास जिने चढण्याची चिकाटी लागते. शिवाय घरमालकाने दार उघडावे लागते, आणि आमच्या मते सगळी मेख येथेच आहे.

मग डी.डी.टी. आले. 1946 साली त्या वेळच्या मुंबई प्रांतातील कारवार व धारवाड भागांत डॉ. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर फवारणी केली, आणि यश डोळे दिपविणारे होते. 1953 साली राष्ट्रीय योजना निघाली. 1958 पासून तर ‘नियंत्रण’ सोडून ‘निर्मूलन’ हा शब्द आला. 1965 च्या सुमारास देशातील रुग्णांची नोंद लाखाच्या घरात उतरली होती. 1976 साली ती 64 लाखांवर गेली! औषधाला न जुमानणारे डास हे एक कारण खरे. पण फवारा होता खेड्यांतील भिंतींसाठी. शहरातल्या टाक्यांची पाहणी ज्या त्या नगरपालिकेवर सोपविलेली, आणि ती ढिली पडली. शहरांसाठी स्वतंत्र योजना निघाली ती 1971 साली.

विहिरींची जागा आता गच्चीवरील टाक्यांनी आणि बांधकामांवरील साठ्यांनी घेतली आहे. 1888 च्या कायद्याच्या 381 व्या कलमाखाली मुंबईत डासांच्या उत्पत्तीबद्दल आजही नोटिसा निघतात. त्याच स्टीफेन्सायने 2012 साली आफ्रिकेतील जिबूती गाठले, आणि तेथील शहरवासीयांनाही आता टाक्या झाकाव्या लागत आहेत. इकडे चर्चगेटजवळची, 1725 साली खोदलेली भिखा बेहराम विहीर मात्र अजून आहे, आणि भाविक तिच्यापुढे अजून दिवा लावतात.