फितीवरून तबकडीवर : घरगुती व्हिडिओ कॅसेटींचे काय झाले?

मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर झाले म्हणून कोणी मूळ कागद बंबात घालत नाही. पेशवे दफ्तरातले रुमाल आजही जपले जातात, कारण नक्कल करणाऱ्याने काय गाळले आणि काय चुकीचे वाचले, हे मुळाशी ताडूनच कळते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या एका साधनाला मात्र हा न्याय क्वचितच मिळाला. ते साधन म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेट.

सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस ही पद्धत जपानी बाजारात आणली. भारतात १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच दशकात व्हीसीआर मध्यमवर्गीय दिवाणखान्यात शिरला; ज्यांना तो परवडत नसे त्यांच्याकडे तो एका रात्रीच्या भाड्याने येई. लग्नमांडवात खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक आणि डोळे दिपवणारा दिवा धरलेला दुसरा, ही जोडी भटजींइतकीच आवश्यक ठरली.

या चित्रीकरणाचे मोल वधूवरांपुरते नाही. परळ-लालबागच्या चाळीत झालेल्या एखाद्या बारशाच्या कॅसेटमध्ये मागे उभे असलेले शेजारी, त्यांची बोली, पाळण्याची गाणी, गॅलरीतली पाण्याची पिंपे असे सारे अनायास नोंदले गेले. १९८२ च्या गिरणी संपावर लिखित मजकूर पुष्कळ आहे. संपानंतरच्या घरांचा आवाज त्यात ऐकू येत नाही.

फीत म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी, अर्धा इंच रुंद. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण एका चिकट द्रव्याने बसवलेले असतात. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ही पट्टी सुमारे २५० मीटर भरते. दमट हवेत ते द्रव्य पाणी शोषून सैल होऊ शकते, फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरते, आणि अशी फीत यंत्रात घातली की कण खरवडले जाऊन यंत्राच्या हेडवर साचतात. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी बुरशी काढतो, कॅसेटचे तुटके कवच बदलतो, फीत एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घेतो. मगच प्रत सुरू होते. ती घाईने होत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. थरथरणारे चित्र स्थिर करण्यासाठी मध्ये टाइम बेस करेक्टर हे उपकरण जोडावे लागते, आणि स्वस्तातल्या कामात नेमके तेच वगळले जाते.

२००० च्या आसपास गल्लोगल्ली ‘कॅसेटवरून सीडी करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. व्हीसीडीचे चित्र अवघे ३५२ बाय २८८ बिंदूंचे. भारतातल्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे नोंदलेली असतात. व्हीसीडी करताना त्यांतली निम्मी टाकली जात. डीव्हीडीने दोन्ही अर्धचित्रे राखली, तरी ४.७ गिगाबाइटांत बसवण्यासाठी तपशील दाबला गेलाच. शिवाय कारखान्यात ठशाने छापलेली तबकडी वेगळी आणि दुकानात लिहिलेली वेगळी. दुसरीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते, आणि ऊन व उष्णता त्या थराला सोसत नाहीत. कित्येक घरांत असे झाले की डीव्हीडी हाती आली, अडगळ म्हणून कॅसेट भंगारात गेली आणि काही वर्षांनी डीव्हीडीही वाचता येईना.

ज्यांच्या कॅसेटी उरल्या आहेत त्यांच्यापुढे आता यंत्राचाच प्रश्न आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने सुटे भाग मिळेनासे झाल्याने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चुंबकीय फितींवरील वारसा २०२५ नंतर वाचता येणे कठीण होईल, असा इशारा युनेस्कोच्या एका प्रकल्पाने २०१९ मध्ये दिला होता. त्या मुदतीनंतरही सुस्थितीतली कॅसेट आणि चालते यंत्र जुळले, तर प्रत निघते. आज ती संगणकाच्या फाइलीत घेणे उत्तम; दोन वेगळ्या ठिकाणी ठेवता येते आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर हलवता येते. यंत्रात घालण्यापूर्वी कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडलेली आहे ना, तेवढे पाहावे. ती शाबूत असेल तर चुकून दाबलेल्या एका बटणाने जुने चित्रण पुसले जाऊ शकते.

आणि कॅसेटवरच्या कागदी चिठ्ठीचाही फोटो काढावा. प्रसंग, तारीख, गाव, कधी कधी चित्रण करणाऱ्याचे नाव, हे अनेकदा फक्त तिथेच, बॉलपेनने लिहिलेले असते. दुकानातून आलेल्या डीव्हीडीवर नुसते ‘लग्न – भाग १’.