माणसांपेक्षा एक गोधडी जास्त



इतिहास म्हटले की किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. त्या हव्यातच. पण आज ज्या इतिहासाविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे, तो कोणत्याही दप्तरखान्यात मिळत नाही. तो आपल्या घरी वळणीवर घडी करून टाकलेला असतो. मी बोलतो आहे ते गोधडीबद्दल. कुणी तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या लेकराची दोन पदरांची ती दुपटे, आणि चार घड्यांची ती चौघडी.

गोधडी कशी शिवतात हे आपल्या आयाबहिणींना मी काय सांगावे! तरी ध्यानात राहावे म्हणून एकदा उजळणी करू. खाली आणि वर जुने लुगडे. कारण नऊवारी लुगड्याएवढे ऐसपैस आणि वापरून मऊ झालेले कापड घरात दुसरे नसे. मध्ये फाटकी धोतरे, सदऱ्याची पाठ, खणाचे तुकडे, शिंप्याकडच्या चिंध्या. मग कडेपासून धावदोरा घालीत बाई चौकोनात चौकोन करीत आत सरकते. हे टाके नुसते शोभेचे नव्हेत. आतली चिरगुटे एका जागी गोळा होऊ नयेत, धुताना थर सुटू नयेत आणि थरांमधली हवा ऊब धरून राहावी, यासाठी ते असतात.

आता एक प्रश्न विचारतो. घरात माणसे सहा, मग वळणीवर गोधड्या आठ-दहा कशाला? कापड अंगाला पुरत नव्हते, अशा दिवसांतही बायका जादा गोधडी का शिवीत बसत?

उत्तर आपल्याला ठाऊक आहे. जत्रेला पाव्हणे येणार. लेक बाळंतपणाला माहेरी येणार. कुणी तापाने फणफणला तर दोन पांघरुणे लागणार. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण नेहमी सांगतो. पण आपल्या घरच्या बाईने आणखी पुढचा विचार केला. दुसऱ्याचेही पाय मावावेत म्हणून तिने अंथरूणच वाढविले, आणि तेही नवे कापड न घेता! याला नुसती गरिबी म्हणणे बरोबर नाही. ही तरतूद होती.

तुकड्याला तुकडा जोडण्याची रीत फार जुनी आहे. बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्यात एक गोष्ट आहे. मगध देशातली बांध घातलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, की भिक्षूंचे चीवर अशा बांधणीचे करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. उकिरड्यावरच्या चिंध्यांच्या वस्त्राला तर ‘पांसुकूल’ असे खास नावच होते. शेताची वावरे आणि गोधडीची ठिगळे यांतले साम्य आपण शेतकरी मंडळी चटकन ओळखाल.

आपल्याकडची जनाबाईची कथाही तशीच. देव जनीच्या घरी गेला आणि परतताना घाईत आपले पदक तिथे विसरून तिची वाकळ पांघरून देवळात आला, असे कथेत सांगतात. चोरीचा आळ मात्र जनीवर आला. कथा सांगणाऱ्यांनी देवाच्या खांद्यावर वाकळ ठेवली आणि कुणाला ते विपरीत वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात घ्या. पुढे आमच्याच काळाजवळ गाडगेबाबा होऊन गेले (१८७६–१९५६). अंगावर चिंध्यांचे वस्त्र. म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत.

पण साधूची गोधडी ही त्याने स्वतः पत्करलेली असते. संसारी बाईची गरजेतून येते. तिच्यामागे कापडाचा सगळा इतिहास उभा आहे. सूत चरख्यावर निघत होते तेव्हा एका विणकराच्या मागाला पुरेल इतके सूत काढायला कित्येक हात राबत. असे कापड फाटले म्हणून कोण फेकील? १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली गिरणी चालू झाली. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला. कापड वाढले, तशा चिंध्याही वाढल्या आणि गोधडीत गिरणीचे छापील कापड दिसू लागले. मग दुसरे महायुद्ध आले. कापडाचे भाव भडकले आणि १९४३ साली सरकारने कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. ज्या घरात जुन्याचा साठा नव्हता, त्या घराने थंडी कशी काढली असेल, याची कल्पना करा.

ही कला एकट्या आपली नाही. बंगालात कांथा शिवताना जुन्या साडीच्या काठांतून रंगीत दोरे काढून घेत. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून माणसे गुलाम करून गोव्यात आणली गेली. त्यांतली काही पळून उत्तर कानड्याच्या रानात शिरली. त्यांच्या वंशातल्या सिद्दी बायका आजही ‘कवंदी’ शिवतात आणि कोपऱ्यावर घडीच्या कापडाचे ‘फुला’ लावतात. फुलाशिवाय कवंदी म्हणजे उघडी-नागडी, असे त्या मानतात. ज्यांचे सर्वस्व हिरावले गेले, त्यांच्या लेकींनी चिंध्यांतही मानाची जागा राखली.

मंडळी, जुने ते सगळे सोने असे मला म्हणावयाचे नाही. दिवसभर रानात राबून रात्री चिमणीच्या उजेडात टाके घालणाऱ्या बाईचे डोळे दुखत. तिच्या कामाला मजुरी नव्हती. खर्डेघाशी करणाऱ्यांनी शेतसारा लिहिला, बैलांची मोजदाद केली. पण वाचविलेल्या कापडाचा हिशेब कुणी मांडला नाही. आज सोलापुरी चादर आहे, दुकानात ब्लँकेट आहे, आणि ते चांगलेच झाले. १९८२ सालच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. घरोघरी सुती लुगड्याच्या जागी कृत्रिम धाग्याची साडी आली. ती सुईखाली सरकते आणि घाम टिपत नाही. काही बचत गटांच्या बायका गोधड्या शिवून विकतात. त्यांना त्यांच्या कष्टाचा पैसा मिळतो, हा बदल स्वागतार्ह आहे.

मात्र घरातल्या जुन्या गोधड्या विरत चालल्या आहेत, आणि त्या ओळखणारी माणसेही. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. इतिहासाच्या एका तासाला मुलांना घरची गोधडी वर्गात आणायला सांगा. तत्पूर्वी आजीजवळ बसून त्यांनी एवढेच विचारून यावे: हे लुगडे कुणाचे? हा खण कोणत्या बाजारचा? ही शिवली तेव्हा घरात काय चालले होते? उत्तरे वहीत उतरून घ्यावीत, आणि खाली शिवणारीचे नाव लिहावे. पुष्कळ घरांत तिचे नाव कागदावर येण्याची ती पहिलीच वेळ असेल.