केडगावची मुक्ती

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रयास आणले. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ सदन उभे राहिले. ते केवळ अन्नछत्र नव्हते. शेती, विणकाम, छपाई तेथे शिकवली जाई. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत आणलेले बायबल याच आश्रित स्त्रियांनी छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

त्या कॅथलिक नव्हत्या. परंतु भुकेल्यांना अन्न देण्याची प्रभूची आज्ञा आम्हां सर्वांची एकच आहे. रमाबाईंनी अन्नाबरोबर हातांना काम दिले. आमच्या धर्मग्रामांतील दानधर्मही घेणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभे करतो काय, हे आम्ही पाहिले पाहिजे.