ॲडव्हेंटिस्ट भविष्यतक्ते

बायबलमधील दानीएल व प्रकटीकरण या ग्रंथांतील भाकिते सभेत समजावून सांगण्यासाठी अमेरिकेत तयार झालेले मोठे छापील चित्रतक्ते. विल्यम मिलर (1782–1849) यांचे अनुयायी व पुढील सब्बाथ पाळणारे ॲडव्हेंटिस्ट यांनी ते वापरले.

पहिला महत्त्वाचा तक्ता चार्ल्स फिच (1805–44) व अपोलोस हेल या उपदेशकांनी रचला. दृष्टान्त पाट्यांवर ठळक लिहावा, ही हबक्कूकच्या पुस्तकातील आज्ञा त्यामागे होती. मे 1842 मध्ये बोस्टनच्या परिषदेत तो मांडला गेला व 300 प्रती काढण्याचे ठरले. जोशुआ हाइम्स यांनी प्रकाशित केलेला हा तक्ता बी. डब्ल्यू. थायर आणि कंपनीने शिळाछापावर छापला. शिळेवर सगळे उलटे रेखाटावे लागते. दानीएल ग्रंथातील राजा नबुखद्नेस्सर याच्या स्वप्नातील धातूंचा पुतळा, चार श्वापदे आणि आकड्यांच्या उतरंडी इतक्या दाटीने बसवणे हे कसबी हाताचे काम होय. ते करणाऱ्याचे नाव मात्र तक्त्यावर नाही. आहे ते कंपनीचे.

तक्त्याची खरी करामत मांडणीत आहे. इ.स.पू. 677 पासून 2520, इ.स.पू. 457 पासून 2300 आणि इ.स. 508 पासून 1335 वर्षे मोजली, की तिन्ही बेरजा 1843 वर, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या अपेक्षित वर्षावर, येतात. उपदेशकाने छडी फिरवावी आणि श्रोत्याने स्वतःच बेरीज करावी, अशी ही सोय. इसवी सनात शून्य वर्ष नसल्याने इसवी सनापूर्वीच्या वर्षांपासून केलेल्या गणनेत एका वर्षाचा फरक पडतो. पुढे पुनरागमनाची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली व तीही टळली. सब्बाथ पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्टांच्या नेत्या एलेन व्हाइट यांच्या मते तक्त्याच्या आकड्यांतील चूक ईश्वरानेच झाकून ठेवली होती.

1850 चा तक्ता डॉर्चेस्टरचे ओटिस निकोल्स यांचा. ते स्वतः शिळाछापाचे व्यावसायिक असल्याने श्रद्धावान आणि कारागीर इथे एकच. त्यात 1844, स्वर्गीय पवित्रस्थान व प्रकटीकरणातील तीन देवदूतांचे संदेश आले.

पुढे अशाच चित्रांसाठी ॲडव्हेंटिस्ट संपादक युराया स्मिथ यांनी लाकडी ठसे कोरले.

एलेन यांचे पती जेम्स व्हाइट यांनी 1863 मध्ये नवे तक्ते काढले. त्यांच्या 1876 च्या ‘जीवनमार्ग’ चित्रात दहा आज्ञा टांगलेला वृक्ष मध्यभागी होता. चित्रकार थॉमस मोरान यांच्याकडून करून घेतलेल्या 1883 च्या आवृत्तीत त्या जागी क्रूसावरील ख्रिस्त आहे.