चौकोनांचे दिवस

परवा बाबांनी त्यांचा टॅब माझ्यापुढे ठेवला आणि जरा अपराधी आवाजात म्हणाले, "माझ्याकडून काहीतरी भलतंच दाबलं गेलंय बहुतेक. पेपर उघडत नाही."

टॅब २०१३ सालचा. अँड्रॉइड ४.२. घेतल्या दिवसापासून एकदाही अपडेट न झालेला. मी बघितलं तर पेपरच नाही, बऱ्याच साइट उघडत नव्हत्या. पडद्यावर एकच इशारा, ही साइट विश्वासार्ह नाही म्हणून. बाबांनी काहीही दाबलेलं नव्हतं. पण हे त्यांना समजावून सांगायला बसलो आणि पार २०११ पर्यंत मागं जावं लागलं. ते सगळं बोलणं इथं उतरवून ठेवतो.

मोबाइलवर मराठी चौकोनात दिसायचं ते दिवस आठवतात का? २०११ मध्ये मी पहिला अँड्रॉइड फोन घेतला. आवृत्ती २.२, टोपणनाव फ्रोयो. घरी येऊन हौसेनं एक मराठी वर्तमानपत्र उघडलं तर पानभर रिकामे डबे. एका अक्षराला एक डबा. आईच्या हातात तेव्हा जेमतेम दोन हजारांचा नोकिया होता. त्यात हिंदी मेनू होता आणि देवनागरीतला एसेमेस तो निमूट दाखवायचा. माझा त्याच्या कितीतरी पट महाग फोन मात्र मराठीत निरक्षर! आईनं हे पाहुण्यांना सांगायची एकही संधी सोडली नाही.

कारण साधं होतं. त्या आवृत्तीत देवनागरीचा फॉन्टच नव्हता. काही कंपन्यांनी भारतात विकायच्या फोनांत तो आपापल्या पदरचा घातला होता, माझ्या कंपनीनं नाही. आणि नुसता फॉन्ट असून भागतही नाही. आपली पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि साठवली जाते नंतर. जोडाक्षरात अक्षरं एकमेकांना बिलगतात. हे जुळवून देणारी वेगळी यंत्रणा लागते. काही उत्साही मंडळी फोन रूट करून फॉन्ट टाकायची, तेव्हा डबे जाऊन अक्षरं यायची, पण 'स्थिती'चे तुकडे तुकडे होऊन वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. वाचता यायचं, पण दात लागल्यासारखं.

मग एक तोडगा सापडला. त्या काळी ज्यानं मोबाइलवर मराठी वाचलं त्याला तो पाठ असणार. ऑपेरा मिनी टाकायचा, पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' लिहायचं, आणि अगदी तळाशी जाऊन किचकट लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरायची का, या प्रश्नाला 'हो' म्हणायचं. मग ऑपेराचे सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून पाठवायचे. मराठी वाचायचं म्हणजे मराठीचे फोटो बघायचे! ते पुसट, बारीक ठसे बघत मी कितीतरी रात्री जागवल्या आहेत.

ऑक्टोबर २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० जाहीर झालं आणि त्यात देवनागरी आली. फॉन्ट होता लोहित. हा मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेला आणि रेड हॅटनं २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केलेला. अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रणेचं नाव हार्फबझ. नाव विचित्र वाटतं, पण ते फारसी आहे, हरफ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. 'तोंडातून हरफ काढला नाही' असं आपण म्हणतो तोच हा हरफ. म्हणजे पुण्याचा फॉन्ट आणि फारसी नाव घेऊन मराठी अखेर अँड्रॉइडमध्ये शिरली. (मेनू आणि सेटिंगसुद्धा मराठीत यायला २०१४ चं ५.० उजाडावं लागलं.)

शिरली, पण माझ्या फोनमध्ये नाही. मी वर्षभर वाट पाहिली. कंपनीला दोनदा पत्र लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं, विचार चालू आहे. दुसऱ्यांदा आलं, आपल्या मॉडेलची क्षमता पुरेशी नाही. मला नवी घड्याळं, नवे रंग, हलणारे वॉलपेपर काही नको होतं हो. एक फॉन्ट हवा होता, काहीशे केबीचा. पण अपडेट हे ताट वाढून येतं, त्यातली एकच भाजी मागता येत नाही. ४.० येऊन वर्ष उलटलं तरी जगातल्या निम्म्याहून जास्त अँड्रॉइड फोनांवर २.३ च होतं, म्हणजे माझ्यासारखे पुष्कळ होते.

तेव्हा मला गूगलचा राग यायचा. नंतर कळलं की अपडेट म्हणजे सरकारी फाइलच. गूगल नवी आवृत्ती तयार करतं. मग चिप बनवणारा आपल्या चिपसाठी ड्रायव्हर लिहितो. त्यानंतर फोन कंपनी त्यावर आपले रंग आणि आपली अ‍ॅप चढवते. अमेरिकेत तर पुढे मोबाइल सेवा कंपनीचं टेबलही असायचं, तिची मंजुरी झाल्याशिवाय फाइल हलत नसे. यातल्या प्रत्येकाला त्या फोनचे पैसे एकदाच मिळालेले असतात, विक्रीच्या वेळी. नंतर राबायचं कशासाठी? उलट तुम्ही कंटाळून नवा घेतलात तर सगळ्यांचंच भलं. मे २०११ मध्ये गूगलनं बड्या कंपन्यांना एका मांडवाखाली आणून जाहीर केलं होतं की नव्या फोनला, त्याची क्षमता असेल तर, १८ महिने अपडेट मिळतील. टाळ्या पडल्या. पुढे त्या मांडवाचं नावही कुणी काढलं नाही.

खुद्द गूगलचा गॅलेक्सी नेक्सस घ्या. अँड्रॉइड ४.० ज्या फोनवर पहिल्यांदा आलं तो हाच. २०१३ च्या शेवटी ४.४ आलं तेव्हा त्याला नाही मिळालं. गूगलनं १८ महिन्यांच्या मुदतीकडे बोट दाखवलं. पण त्यातली चिप होती टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची, आणि ती कंपनी २०१२ मध्येच मोबाइलच्या चिपमधून अंग काढून घेत होती. फाइलच्या वाटेवरचं एक टेबलच रिकामं!

अ‍ॅपलकडे चिप, फोन आणि सिस्टिम एकाच छपराखाली, त्यामुळे नवी आवृत्ती सगळीकडे एकाच दिवशी. मात्र तिथंही सगळं गोड नव्हतं. २००८ आणि २००९ मध्ये आयफोनवाल्यांना जी आवृत्ती फुकट मिळाली तिच्यासाठी आयपॉड टचवाल्यांकडून ९.९५ डॉलर घेतले गेले. आणि पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये आला, मार्च २०११ पर्यंत विकला गेला, पण सप्टेंबर २०१२ च्या आयओएस ६ नं त्याला दारातच थांबवलं. शेवटी शेवटी घेणाऱ्याला दीड वर्ष मिळालं फक्त. त्याच्या पाठोपाठ आलेला आयपॅड २ मात्र थेट २०१५ च्या आयओएस ९ पर्यंत पोचला. सख्खी भावंडं, पण नशीब वेगळं.

टॅबलेटांची कथा तर आणखी गोंधळाची. अँड्रॉइड जन्मलं फोनसाठी. २०१० मध्ये कंपन्यांनी घाईनं तेच २.२ सात इंची पाट्यांवर चढवलं, आणि फ्रोयो टॅबलेटसाठी बनवलेलं नाही असं गूगलच्याच ह्यूगो बारा यांना सांगावं लागलं. फेब्रुवारी २०११ मध्ये खास टॅबलेटसाठी ३.० आलं, मोटोरोलाच्या झूमवर. ते इतक्या घाईत उरकलं होतं की गूगलनं त्याचा सोर्स कोड काही महिने खुलाच केला नाही, न जाणो कुणी ते फोनवर बसवायचं! ४.० मध्ये दोन्ही वाटा एक झाल्या.

या सगळ्यात आपला आकाश. ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बलांनी दिल्लीत तो जाहीर केला, विद्यार्थ्यांसाठी जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून. पडदा असा की बोट टेकवून नाही, दाबून चालवायचा. आत होतं २.२, वर्षापेक्षा जुनं, आणि टॅबलेटसाठी नसलेलं. पुढच्या दोनच आठवड्यांत ४.० जाहीर झालं. मला ते फार लागलं होतं. फोनमध्ये मराठी दिसत नाही हे माझ्यासारख्याचं रडगाणं झालं. पण ज्या मुलांसाठी ती पाटी होती त्यांच्या शाळेची भाषाच त्या २.२ नं सोबत आणली नव्हती. आयआयटी मुंबईनं पुढची सूत्रं घेतली आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते दुसरा आकाश आला, तो ४.० घेऊन. तोवर पहिल्या आकाशाची चेष्टा करून लोक दमले होते.

बाबांचा टॅब याच सुमाराचा पुढचा. त्यात मराठी स्वच्छ दिसायची म्हणूनच तर मी तो घेतला. बाबा निवृत्तीनंतर त्यावर मराठी टायपिंग शिकले आणि रोज सकाळी काहीबाही लिहू लागले. मला वाटायचं, सुटलो आता. चौकोन गेले.

पण न मिळालेलं अपडेट दोनदा गाठतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा नवीन काही मिळत नाही. दुसऱ्यांदा, पुष्कळ वर्षांनी, होतं तेही जायला लागतं. १ फेब्रुवारी २०२० ला व्हॉट्सअ‍ॅपनं २.३.७ आणि त्याआधीची अँड्रॉइड सोडली, नोव्हेंबर २०२१ मध्ये ४.० चाही नंबर लागला. त्याच्याही मुळाशी एक गोष्ट आहे, आणि बाबांना समजावताना मला तीच सगळ्यात अवघड गेली. बँकेत नमुना सह्यांचं रजिस्टर असतं ना, तसं प्रत्येक फोन-टॅबमध्ये असतं, कुणाकुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा त्याचं. साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, टॅब रजिस्टर उघडून सही ताडून बघतो. रजिस्टर बदलतं ते सिस्टिमच्या अपडेटबरोबर. अपडेट नाही तर रजिस्टर जुनंच, आणि नव्या साहेबाची सही ओळखीची नाही!

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था कोट्यवधी साइटना अशी प्रमाणपत्रं फुकट देते. तिची स्वतःची सही अँड्रॉइडच्या रजिस्टरात आली ७.१.१ पासून. त्याआधीच्यांसाठी ती एका जुन्या, ओळखीच्या सहीचा आधार घ्यायची, आणि त्या सहीची मुदत संपत होती ३० सप्टेंबर २०२१ ला. २०२० च्या अखेरीस जगातली सुमारे एक तृतीयांश अँड्रॉइड उपकरणं ७.१ च्या मागची होती. मग एक मजेशीर पळवाट निघाली. जुनं अँड्रॉइड रजिस्टरातल्या सहीची मुदत संपली का ते तपासतच नाही! त्या हलगर्जीपणाच्या आधारानं संस्थेनं जुन्या फोनांना आणखी तीन वर्षं तगवलं. ३० सप्टेंबर २०२४ ला तोही आधार संपला. फायरफॉक्स आपलं रजिस्टर स्वतः बाळगतो, पण २०२० पासून नव्या फायरफॉक्सला ५.० च्या खालचं अँड्रॉइड चालत नाही. दारं अशी एकेक करून लागत गेली.

"म्हणजे टॅब बिघडलेला नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही. टॅब तसाच आहे. बाकीचं पुढे गेलं."

"मग मला सांगायचं तरी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोनेक वर्षं एकेक साइट बंद पडत होती आणि हा मनुष्य समजत होता की आपल्याच थरथरत्या बोटांनी काहीतरी चुकतंय. म्हणून ते सांगतही नव्हते.

आता दिवस बदलले आहेत हे मान्य करायला हवं. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचं मोठं भगदाड उघडकीला आलं, तेव्हापासून दरमहा सुरक्षेची ठिगळं निघू लागली. २०१७ च्या ८.० मध्ये चिपवाल्याचं काम आणि गूगलचं काम यांच्यामध्ये नीट भिंत घातली गेली, २०१९ पासून सिस्टिमचे काही भाग थेट गूगलकडून बदलता येऊ लागले. गूगलनं २०२३ मध्ये आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये आपल्या वरच्या मॉडेलांना सात वर्षांचं वचन दिलं. युरोपात तर २० जून २०२५ पासून कायदाच आहे, मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे असा कायदा कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. स्वस्तातले फोन घेणाऱ्यांना तर किती वर्षं मिळणार हे विचारायचं असतं हेच माहीत नसतं, आणि दुकानदारही सांगत नाही.

असो. बाबांना नवा टॅब आणला. जुन्यातली टिपणं नव्यात कशी न्यायची हा प्रश्न होता. मेल जाईना, ड्राइव्ह उघडेना. शेवटी ब्लूटूथ कामी आलं. एकेक टिपण उघडायचं, पाठवायचं, नव्या टॅबवर उतरवून घ्यायचं. एकूण १४० टिपणं. बाबा शेजारी बसून प्रत्येक वाचायचे, आणि वाचून झाल्याशिवाय पुढचं पाठवू द्यायचे नाहीत. त्यांच्या शाळेतला गणपती, ७२ चा दुष्काळ, आजीची एक भाकरीची गोष्ट, जी मी कधीच ऐकली नव्हती.

मध्येच त्यांनी विचारलं, "हा नवा किती वर्षं चालेल म्हणालास?"

"सात वर्षं अपडेट देणार म्हणतात."

बाबांचं यंदा एक्याऐंशीवं चालू आहे. त्यांनी मनाशी हिशोब केला.

"मग पुरे," म्हणाले, आणि त्रेसष्टावं टिपण उघडलं.