डुलकीला गिऱ्हाईक कोण?

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एका नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. बस, ट्रक आणि आठपेक्षा अधिक प्रवासी नेणाऱ्या वाहनांमध्ये चालकाची पेंग ओळखून त्याला सावध करणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची करावी, असा तो प्रस्ताव होता. त्याच वर्षी जानेवारीत नेत्राडाइन या कंपनीने ९ कोटी डॉलरचे भांडवल उभारले आणि तिचे मूल्यांकन एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले. बंगळूर आणि सॅन दिएगो येथून चालणारी ही कंपनी चालकावर व रस्त्यावर एकाच वेळी नजर ठेवणारे कॅमेरे बनवते. या धंद्यातील पैशाचा इतिहास पाहिला, तर तो अपघातांच्या मागे फारसा गेलेला नाही. तो सक्तीच्या आणि बचतीच्या मागे गेला आहे.

अपघातांची वानवा कधीच नव्हती. ८ जुलै २०१९ च्या पहाटे लखनौहून दिल्लीकडे येणारी उत्तर प्रदेश परिवहनाची बस आग्र्याजवळ यमुना द्रुतगती महामार्गावरून झरना नाल्यात कोसळली आणि २९ जण मृत्युमुखी पडले. चालकाला डुलकी लागली असावी, हा प्राथमिक अंदाज होता. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा मार्ग २०१२ मध्ये खुला झाला. तो सरळ, सपाट आणि एकसुरी आहे, म्हणजे झोपेला हवा तसाच. शिवाय झोप मागे पुरावा ठेवत नाही. मद्य रक्तात सापडते, ब्रेकच्या खुणा डांबरावर उरतात. डुलकी मात्र धक्क्यासरशी मोडते आणि पंचनाम्यात बहुधा ‘वेगावरील नियंत्रण सुटले’ एवढीच नोंद उरते.

म्हणून आधी डुलकीला माप हवे होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात वॉल्टर विअरविल यांच्या गटाने १९९४ मध्ये ते दिले. ठरावीक कालावधीपैकी किती टक्के वेळ पापणीने डोळ्याची बाहुली ८० टक्के किंवा त्याहून अधिक झाकलेली होती, हे ते माप. त्याला ‘पर्क्लोस’ म्हणतात. पुढे डेव्हिड डिंजेस यांच्या प्रयोगशाळेत जागरण घडवलेल्या माणसांवर अनेक पद्धती ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा अवधान सुटण्याच्या क्षणांशी सर्वाधिक जुळले ते हेच माप.

पण अंधाऱ्या केबिनमध्ये यंत्राला डोळा दिसावा कसा? कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी त्यावर सुंदर तोडगा काढला. चेहऱ्यावर ८५० आणि ९५० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींचा अवरक्त प्रकाश टाकायचा. त्वचा दोन्हींत जवळपास सारखीच दिसते. परंतु दृष्टिपटलाकडून पहिला प्रकाश भरपूर परततो आणि दुसऱ्याचा बराच भाग डोळ्यातील पाणी शोषून घेते. एका प्रतिमेतून दुसरी वजा केली की उरतात फक्त दोन चमकत्या बाहुल्या. आजचे अनेक कॅमेरे ९४० नॅनोमीटरच्या आसपास काम करतात. हा प्रकाश चालकाला खुपत नाही आणि वातावरणातील बाष्पामुळे या पट्ट्यातील सूर्यप्रकाशही क्षीण झालेला असतो, त्यामुळे भर दुपारीही प्रतिमा टिकते.

विज्ञान सिद्ध झाले, तरी धंदा सावकाश वाढला. स्वीडनमधील स्मार्ट आय १९९९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातील सीइंग मशीन्स २००० मध्ये स्थापन झाली. सीइंग मशीन्सला आधार मिळाला तो खाणींतील अजस्र डंपरांकडून, कारण तिथे एका डुलकीची किंमत खाणमालकाच्या खिशातून जात असे. मोटारींत २००६ मध्ये लेक्ससने कॅमेरा बसवला, २०१७ मध्ये कॅडिलॅकने. खरी मागणी मात्र कायद्याने निर्माण केली. युरोपीय संघाने २०१९ मध्ये नियम संमत केला. पेंगेचा इशारा देणारी यंत्रणा नव्या मॉडेलांना जुलै २०२२ पासून आणि प्रत्येक नव्या मोटारीला जुलै २०२४ पासून बंधनकारक झाली. मोटार कंपनीचे कंत्राट मिळाल्यापासून गाडी रस्त्यावर येईपर्यंत काही वर्षे जातात आणि खरे उत्पन्न त्यानंतर, गाडीमागे थोडे थोडे, हाती येते. या कंपन्यांचा दीर्घ तोट्याचा काळ या अंतरातून आला आहे.

दिल्लीच्या परिसरात या साखळीचे बहुतेक दुवे उपलब्ध आहेत. गुरुग्राममध्ये गोदामांतील यंत्रमानवांकडून चालक-निरीक्षणाकडे वळलेली हाय-टेक रोबोटिक सिस्टीम्स आहे, मानेसरला ‘आयकॅट’ ही वाहनचाचणी संस्था आहे, मथुरा रोडवर केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आहे. ही शेवटची संस्था २०२१ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या ‘आयरास्ते’ प्रकल्पातही सहभागी आहे; तिथे शहर बसमधले कॅमेरे मुख्यतः समोरचा रस्ता वाचतात. महिंद्राने २०२४ मध्ये आणलेल्या विजेवरील गाड्यांत चालकाकडे पाहणारा कॅमेरा आला. म्हणजे ही सोय आधी स्वतःची महागडी मोटार चालवणाऱ्याला मिळाली. रात्रभर बस हाकणाऱ्याचे नाव यादीत पुढे कुठेतरी आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी दोन सूचना एकत्रच मांडल्या होत्या : व्यावसायिक वाहनांत झोप ओळखणारे संवेदक बसवावेत आणि वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत. दुसरी सूचना नवी नव्हती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती; लांब पल्ल्यासाठी अनुक्रमे १० आणि ५४ तासांपर्यंत सवलत होती. संवेदकाला विक्रेता मिळाला, गुंतवणूकदार मिळाला, मानक मिळाले. विश्रांतीचा विक्रेता कोणीच नाही. उलट तिचा खर्च गाडीच्या मालकावर पडतो.

अमेरिकेत ॲमेझॉनच्या वितरण-गाड्यांत २०२१ मध्ये असे कॅमेरे आले, तेव्हा चालकांनी पाळतीची तक्रार केली होती. इशारा वाजल्यावर थांबण्याचा अधिकार चालकाला नसेल, तर ती नोंद त्याच्याच विरुद्ध वापरली जाईल, ही भीती निराधार नाही. वास्तविक तेच यंत्र चालक किती तास चाकावर बसला आहे, हेही मोजू शकते. सक्तीच्या अंतिम नियमात ही नोंद मालकाच्या जबाबदारीशी जोडली गेली, तर १९६१ चे जुने वचन पाळले जाण्याची शक्यता निर्माण होईल. अन्यथा गाडीत एक भोंगा वाढेल, आणि आधीच थकलेल्या माणसाला तो तेवढ्यापुरता दचकवत राहील.